बांबूवर मोजलेला हिमालय

हिमनद्या आटताहेत हे उपग्रहाच्या चित्रांवरून कळतं, अशीच माझी समजूत होती. लाहौलच्या छोटा शिग्री हिमनदीवर २००२ पासून बर्फात बांबू रोवून हा हिशेब ठेवतात, हे वाचलं आणि सप्टेंबरअखेर मोजणीच्या तुकडीबरोबर निघाले.

तारेवरच्या पाळण्यातून चंद्रा नदी ओलांडली, दगडांच्या राशी चढलो. या दगडांच्या जाड थराखालचा बर्फ सावकाश वितळतो, कारण उन्हाची धग तिथवर पोचत नाही. वरचा उघडा बर्फ मात्र एका उन्हाळ्यात तीन-चार मीटरही जातो. पहिल्या खुणेपाशी ते डोळ्यांनी दिसलं. तारेने जोडलेले बांबूचे दोन तुकडे बर्फातून बाहेर येऊन आडवे पडले होते. गेल्या वर्षी ते आत गाडलेले होते.

नवा बांबू रोवायचा म्हणजे वाफेने भोक पाडायचं. गॅसवरचा छोटा बॉयलर, रबरी नळी आणि तिच्या टोकाला धातूची लांब सळई. हे सगळं पाठीवर आणणारे नेपाळी दाजू, म्हणजे दादा, वाऱ्याला पाठ करून बसले होते. ज्योत विझली की पुन्हा पेटवायची. गॅसचा वास त्यांच्या जॅकेटमध्ये मुरला होता. सळई किती खाली गेली हे ते हाताला लागणाऱ्या धक्क्यावरून सांगत.

‘‘दीदी, यहाँ की बर्फ जल्दी भागती है,’’ ते म्हणाले.

टेप धरणारी संशोधक म्हणाली, वर्षाची तूट सगळ्या हिमनदीवर सारखी पसरली तर ती सरासरी अर्धा मीटर पाण्याइतकी भरते. ऐकायला फार नाही. पण हिमनदी साडेपंधरा चौरस किलोमीटरची. तिच्यावरचं अर्धा मीटर म्हणजे सुमारे ७७५ कोटी लिटर, तेही हिवाळ्यातला नवा बर्फ जमेस धरून.

ही जमेची बाजूही वर जाऊन खड्डे खणूनच कळते. उपग्रहाला पृष्ठभाग किती खचला ते दिसतं. पण भुसभुशीत हिम आणि घट्ट बर्फ यांच्या वजनात फार फरक. ते हिम कुणीतरी कापून तोलावंच लागतं. म्हणून प्रयोगशाळेतल्या आलेखाइतकाच मला दाजूंच्या हातांवर भरवसा वाटतो, आणि अशा मोजणीवर होणारा खर्च मुळीच जास्त वाटत नाही. हिमालयातल्या हजारो हिमनद्यांपैकी मोजक्याच हिमनद्यांवर असे बांबू उभे आहेत.