पितांबराचा पिवळा

पेणमधल्या एका कारखान्यात मी गेली छत्तीस वर्षं गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतो. अंगाचा रंग, पितांबर, दागिने पोरंही करतात. डोळे मात्र शेवटी, एकाच हातानं, श्वास रोखून. अशा माणसाला स्वतःचा मोतीबिंदू आधी कळायला हवा. मला कळला नाही. उलट मी खुशीत होतो, कारण जवळचा चष्मा सुटला होता. साठीला आलेला माणूस बिनचष्म्यानं सुई ओवतो म्हणून घरात मिरवतही होतो. पुढे डॉक्टर म्हणाले, भिंगाचा गाभा घट्ट होऊ लागला की काही दिवस जवळचं बरं दिसतं. ती सुधारणा नव्हे, मोतीबिंदूची चाहूल.

बिंग फोडलं एका गिऱ्हाइकानं. "काका, पापणीची रेघ निळी का?" मी बघतोय तर काळीच. पोरानं ट्यूबलाइटखाली बाटली धरली. गडद निळा होता.

डोळ्यातलं भिंग जन्मतः काचेसारखं नितळ असतं. वय वाढतं तशी त्यातली प्रथिनं गढुळतात, भिंग पिवळट आणि मग तपकिरी होतं. पिवळ्या काचेतून बघावं तसा निळा उजेड अडतो. निळा आणि काळा एक होतात, पांढऱ्यावरचा फिकट पिवळा दिसेनासा होतो. हे इतकं हळूहळू होतं की माणूस उजेडाला, रंगाला, चष्म्याला दोष देत बसतो. रात्री मुंबई-गोवा हायवेवर समोरच्या गाडीचे दिवे फुटून पसरायचे, तर मी त्या ड्रायव्हरांना शिव्या घालायचो.

आधी मी चार महिने 'मोतीबिंदू विरघळवणारे' थेंब घातले. पैसे गेले, मोतीबिंदू तिथेच. २०१५ साली लॅनोस्टेरॉल नावाच्या द्रव्यानं कुत्र्यांच्या डोळ्यांतला मोतीबिंदू कमी झाल्याचं संशोधन गाजलं होतं, पण माणसाच्या मोतीबिंदूवर सिद्ध झालेलं औषध त्यातून आलेलं नाही. मध घालणारे तर वेगळी जखम करून घेतात.

याच सुमारास माझ्या थोरल्या बहिणीलाही, रोह्याच्या आक्काला, मोतीबिंदू निघाला. आम्हा दोघांना डॉक्टरांनी वेगवेगळं सांगितलं, आणि तिथेच माझ्या डोक्यातला जुना हिशोब चुकला. आमच्या आईच्या वेळी मोतीबिंदू 'पिकेपर्यंत' थांबत. आता पिकायची वाट बघत नाहीत. दिसण्यामुळे तुमचं काय अडलंय ते विचारतात. माझं पोट केसाएवढ्या रेघेवर. आक्काला मधुमेह, साखर चढलेली. ती आधी खाली आणा, तोवर घाई नाही, असं तिला सांगितलं.

थांबायचं म्हणजे नुसतं बसायचं नव्हे. तिच्या चष्म्याचा नंबर बदलला. ओट्यावर, नेमका हातावर उजेड पडेल असा दिवा लावला. पांढऱ्या ताटात पांढरा भात तिला दिसायचा नाही, म्हणून हिरवं ताट आलं. उन्हात बाहेर पडताना काळा चष्मा. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडा मी स्वतः लाल ऑइलपेंटनं रंगवल्या. इतकी सरळ रेघ रोह्यात दुसऱ्या जिन्याला नसेल. यानं मोतीबिंदू हटत नाही, दिवस सुखाचे जातात. दर तपासणीला डॉक्टर तिच्या डोळ्याचा मागचा पडदाही बघतात. मधुमेहात तो बिघडू शकतो, आणि भिंग फार गढूळ झालं तर तो दिसणारच नाही. मग थांबून चालणार नाही. डोळा एकाएकी लाल होऊन ठणकू लागला तरी लगेच गाठायचं: फुगलेल्या मोतीबिंदूनं डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कायमची जाऊ शकते.

माझं ऑपरेशन गणपती झाल्यावर, कार्तिकात ठरलं. सीझनमध्ये शक्यच नव्हतं. पॉलिशपेपर मारलेल्या प्लास्टरची धूळ आणि ताजा डोळा यांचं जमायचं नाही. खरा वेळ गेला तो लेन्स ठरवण्यात. साधी लेन्स एकाच अंतराला स्वच्छ दाखवते. बहुतेक जण लांबचं घेतात. डॉक्टरांनी विचारलं, काम किती अंतरावर? मी हवेत ब्रश धरून दाखवला. त्यांनी तेवढ्या अंतराची बसवली. रस्त्यावर चष्मा लागतो, मूर्तीसमोर लागत नाही. हे विचारून घ्यावं. नाहीतर लांबचा डोंगर लख्ख आणि हातातली रेघ धूसर.

बाकी काम वीसेक मिनिटांचं. थेंबांनी डोळा बधिर केला, तीन मिलीमीटरपेक्षा लहान छेद घेतला, आतलं भिंग अल्ट्रासाउंडनं फोडून ओढून घेतलं आणि घडी घातलेली लेन्स आत उलगडली. टाका नाही. ही लेन्स डोळ्यात ठेवायची कल्पना हॅरॉल्ड रिडली या इंग्रज डॉक्टरची. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे अ‍ॅक्रिलिकचे, कण शिरले आणि डोळ्यांनी ते सहन केले, हे त्यानं पाहिलं. १९४९ साली त्यानं लंडनमध्ये त्याच जातीच्या प्लास्टिकची पहिली लेन्स बसवली. माझे रंगही अ‍ॅक्रिलिकच.

पुढे महिनाभर थेंब, काही दिवस डोक्यावरून पाणी नाही, कारखान्याचं तोंड नाही. काढलेला मोतीबिंदू परत येत नाही. कधी कधी लेन्समागच्या पातळ पापुद्र्यावर जाळी धरते, ती लेसरनं काही मिनिटांत साफ होते. सरकारी रुग्णालयात हे ऑपरेशन मोफत होतं.

महिन्यानं पेणहून गाडी पकडून आक्काकडे गेलो. कासूपाशी खिडकीतून आभाळ बघितलं आणि डोळाच मिटला, इतकं ते निळं होतं. आक्काच्या शोकेसमध्ये मी रंगवलेला शाडूचा छोटा गणपती आहे, ऑपरेशनच्या आदल्या वर्षीचा. मला वाटायचं, त्याचा पितांबर मी सायीसारखा मऊ पिवळा ठेवलाय. समोर गेलो तर हळदीचं पोतं फुटल्यासारखा भडक. दिसत नव्हता म्हणून हातावर हात चढवत गेलो होतो.

"आक्का, हा घेऊन जातो. पुन्हा रंगवून देतो."

आक्कानं मूर्ती डोळ्यांजवळ नेली, खिडकीकडे वळवली, निरखून बघितली.

"काय झालंय त्याला? किती शांत पिवळा आहे," ती म्हणाली आणि गणपती परत शोकेसमध्ये ठेवून दिला.