अकस्मात उद्भवणारा संभ्रम

वृद्ध माणूस असंबद्ध बोलू लागला, घरच्यांना ओळखेनासा झाला, की ‘म्हातारचळ लागला’ असे म्हणून विषय संपविण्याची आपल्याकडे रीत आहे. तरुणास तेच झाले तर बाहेरची बाधा शोधली जाते. परंतु काल सायंकाळपर्यंत व्यवहार नीट सांभाळणाऱ्या व्यक्तीस आज वार, वेळ व स्थळ यांचे भान राहू नये, हे बहुधा शरीरातील एखाद्या बिघाडाचे लक्षण असते. तापात बरळणाऱ्यास ‘वात झाला’ असे जुनी माणसे म्हणत. त्यांचे निरीक्षण अचूक होते.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. मात्र शरीरास लागणाऱ्या प्राणवायूपैकी जवळजवळ २० टक्के तो एकटाच घेतो. साखरेचा साठा त्याच्यापाशी नाममात्र असतो. म्हणूनच मधुमेहाची गोळी अथवा इन्सुलिन घेऊन जेवण चुकविणाऱ्या रुग्णास घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणे भरकटते. आणि पाहणारे त्यास मद्यपी ठरवून मोकळे होतात. एकादशीचा उपवास व नेहमीची गोळी ही जोडी या दृष्टीने धोक्याची आहे. रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असल्यास तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. तो गुंगीत असल्यास तोंडावाटे काहीही देऊ नये. तरतरी आली तरी दवाखाना टाळू नये; काही गोळ्यांचा अंमल दीर्घकाळ टिकतो व साखर पुन्हा उतरते.

वृद्धांमध्ये मूत्रमार्गाचा किंवा फुप्फुसाचा जंतुसंसर्ग कधी कधी तापाविनाच, केवळ संभ्रमाच्या रूपाने प्रकट होतो. जुलाब-उलट्यांनी किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी रक्तातील सोडियम घटणे, झोपेची औषधे, डोक्यास मार, कीटकनाशकाची विषबाधा, दारू अचानक सुटणे हीही कारणे होत. उन्हाळ्यात शेतावरील मजूर बरळू लागला तर तो उष्माघात समजून त्यास तत्काळ सावलीत न्यावे व अंगावर पाणी ओतून वारा घालावा.

स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. हा संभ्रम तासा-दिवसांत उद्भवतो, कमी-जास्त होतो व रात्री बळावतो. सर्वच रुग्ण आरडाओरडा करीत नाहीत. काही नुसतेच निपचित पडून राहतात, आणि त्यांच्याकडेच अधिक दुर्लक्ष होते.

भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे, ही गोष्ट पंचायत सदस्यांनी गावात सांगावयास हवी. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. रुग्णासोबत घरातील सर्व औषधांची पाकिटे न्यावीत आणि त्रास नेमका केव्हा सुरू झाला ते डॉक्टरांना सांगावे.