उद्वाहन, सरकता जिना आणि ‘पहिलें’पणाचा प्रश्न

येरमाळ्याच्या डोंगरावर श्रीयेडेश्वरीचें देवालय आहे. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेस आलेलीं माणसें, कडेवर मूल आणि हातांत नैवेद्य घेऊन, पायऱ्या चढून वर जातात. सत्तरी उलटलेल्या बायाही त्यांत असतात. देवीची ओढ असली म्हणजे चढ जाणवत नाहीं. परंतु पेठेंतील दुकानाच्या तिसऱ्या मजल्यावर गिऱ्हाइकानें आपण होऊन चढावें, अशी ओढ कोणत्याही मालांत नसते. व्यापाऱ्याची ही अडचण ज्या दोन यंत्रांनीं दूर केली, त्यांस आपण बोलण्यांत लिफ्ट आणि सरकता जिना म्हणतों. त्यांचा इतिहास मोठ्या दुकानांच्या इतिहासाशीं जोडलेला आहे आणि आमच्या मुंबईशींही त्याचा संबंध पोंचतो. म्हणून, विषय त्रैमासिकास नवा वाटला तरी, तो वाचकांपुढें मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

लेखाचें निमित्त एक वाद आहे. हिंदुस्थानांतील पहिली लिफ्ट मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत बसविली, असें एक मत वारंवार छापलें जातें. ती कलकत्त्याच्या राजभवनांत बसविली, असें दुसरें मत तितक्याच वेळां छापलें जातें. दोन्ही विधानें एकाच वेळीं खरीं कशीं, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें घोटाळ्याचें मूळ ‘पहिली’ या एका शब्दांत आहे.

प्रथम नांवांचा विचार करूं. ‘उद्’ उपसर्ग लागलेल्या ‘वह्’ धातूपासून उद्वाहन शब्द झाला. वर वाहून नेणारें तें उद्वाहन. शासकीय मराठींत हाच शब्द चालतो. परंतु संस्कृतांत ‘उद्वाह’ म्हणजे विवाह. वधूस पित्याच्या घरून नेणें हा तेथें भाव आहे. वर्गांत हा शब्द शिकवितांना लिफ्टचें उदाहरण दिलें कीं मुलें हंसत, हें आम्हांस आठवतें. ‘एस्कलेटर’ या इंग्रजी शब्दाची कथा निराळी. चार्ल्स सीबर्जर यानें तो आपल्या यंत्रासाठीं बनविला. पुढें तो ओटिस कंपनीची व्यापारमुद्रा झाला. लोक मात्र कोणाच्याही सरकत्या जिन्यास तेंच नांव देऊं लागले आणि १९५० मध्यें अमेरिकेंत त्या मुद्रेवरील हक्क गेला. विशेषनामाचें सामान्यनाम असें होतें.

आतां रचना. ज्यांनीं मोट पाहिली आहे, त्यांस लिफ्ट समजावयास वेळ लागूं नये. विहिरीच्या कांठावर चाक, चाकावरून नाडा, नाड्याच्या एका टोकास मोट व दुसऱ्या टोकास बैल. भरलेली मोट वर येते तेव्हां बैल उतरत्या धावेवरून चालतात, म्हणून त्यांचें वजनही ओढीच्या कामीं येतें. विजेच्या जुन्या लिफ्टमध्येंही वर चाक असतें. त्यावरून पोलादी दोर जातात. एका टोकास पिंजरा आणि दुसऱ्या टोकास बिडाचीं वजनें. पिंजरा चढतो तेव्हां वजनें उतरतात. रिकामा पिंजरा आणि त्यांत मावणाऱ्या भाराचा निम्म्याच्या जवळपास भाग, इतकीं तीं साधारणतः ठेवितात. त्यामुळें यंत्रास सगळा बोजा उचलावा लागत नाहीं. दोन बाजूंतील फरकापुरताच जोर पुरतो.

परंतु नाडा तुटला तर मोट विहिरींत जाते. मोट पडल्यास नुकसान होतें. माणूस पडल्यास प्राण जातो. याच भीतीमुळें माल चढविणारीं यंत्रें अगोदरपासून असूनही माणसें त्यांत बसावयास धजत नव्हतीं. एलिशा ओटिस यानें १८५४ मध्यें न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत स्वतः उंच फळीवर उभें राहून दोर तोडविला. ताण सुटतांच गाडीच्या कमानीसारखी स्प्रिंग फांकली, तिचीं टोकें बाजूच्या दातेरी पट्ट्यांत अडकलीं आणि फळी जागच्या जागीं थांबली. पुढें २३ मार्च १८५७ रोजीं ब्रॉडवेवरील हाउआउट यांच्या पांच मजली दुकानांत, जेथें चिनी मातीचीं व कांचेचीं भांडीं विकलीं जात, माणसांसाठीं ओटिसची लिफ्ट सुरू झाली. ती वाफेवर चाले आणि मिनिटास सुमारें ४० फूट चढे, म्हणजे एका मजल्यास वीसएक सेकंद. हिलाच जगांतील पहिली लिफ्ट म्हणतात. वस्तुतः ‘दुकानांत उतारूंसाठीं बसविलेली पहिली’ असें म्हटलें पाहिजे.

हाउआउटच्या दुकानाचा दर्शनी भाग ओतीव लोखंडाचा होता. ओतीव लोखंडाचीच इमारत दहा वर्षांनीं मुंबईंत उभी राहूं लागली. जॉन हडसन वॉटसन हा कापडाचा व्यापारी. त्याच्यासाठीं रोलंड मेसन ऑर्डिश यानें आराखडा केला. सांगाड्याचे भाग इंग्लंडांत ओतून जहाजानें आणले आणि १८६७ ते १८६९ या काळांत जोडले. १८७१ मध्यें तेथें हॉटेल उघडलें. ७ जुलै १८९६ रोजीं ल्यूमिएर बंधूंचीं चलच्चित्रें हिंदुस्थानांत प्रथम दाखविलीं, तीं येथेंच. काळा घोड्याजवळील ही इमारत पुढें एस्प्लनेड मॅन्शन म्हणून ओळखली गेली. तिच्या शेजारीं १८९१ मध्यें आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स हें विविध वस्तूंचें मोठें दुकान आलें. थोडें उत्तरेस हॉर्नबी रोडवर व्हाइटअवे लेडलॉ कंपनीचें दुकान होतें. त्या विलायती दुकानाच्या जागीं १९४६ मध्यें खादी भांडार आलें, हाही काळाचा एक फेराच.

वॉटसन हॉटेलांत वाफेवर चालणारी लिफ्ट होती, अशी परंपरा आहे. ती विजेची असणें शक्यच नव्हतें. कारण विजेची पहिली लिफ्ट वेर्नर सीमेन्स यानें जर्मनींत मानहाइम येथें १८८० मध्यें दाखविली. राजभवनांतील लिफ्ट ओटिस कंपनीची असून ती १८९२ ची व विजेची, असें छापतात. म्हणजे एक विधान वाफेविषयीं आणि दुसरें विजेविषयीं आहे. तीं एकमेकांस बाधक नाहींत. येथवर वाद मिटला असें वाटेल. परंतु दुसऱ्या विधानांत आणखी एक गांठ आहे. राजभवनांत वीज आणि लिफ्ट लॉर्ड कर्झन यानें आणली, असेंही छापलेलें आढळतें. कर्झन गव्हर्नर-जनरल झाला १८९९ मध्यें. कलकत्त्यांत सार्वजनिक वीजपुरवठा सुरू झाला तोही १८९९ मध्येंच. तेव्हां १८९२ हें वर्ष धरावयाचें तर एकतर लिफ्ट दुसऱ्या शक्तीवर चालत असली पाहिजे, किंवा वाड्यांत खाजगी जनित्र असलें पाहिजे. आणि कर्झनचें नांव धरावयाचें तर १८९२ सोडलें पाहिजे. वर्ष, शक्ती आणि कर्ता हे तिन्ही एकाच वाक्यांत घालून तें वाक्य पुढें चालविणें इतिहासास शोभत नाहीं. मुंबईंत विजेच्या लिफ्टचें ठळक उदाहरण म्हणजे ताजमहाल हॉटेल. तें डिसेंबर १९०३ मध्यें उघडलें तेव्हां त्यांत जर्मन लिफ्ट होत्या, असें त्याच्या वर्णनांत येतें.

सरकत्या जिन्याच्या बाबतींतही हाच घोळ आहे. लंडनच्या हॅरड्स दुकानांत १६ नोव्हेंबर १८९८ रोजीं असें यंत्र सुरू झालें आणि वर पोंचलेल्या घाबऱ्या गिऱ्हाइकांस ब्रँडी देण्याची व्यवस्था ठेविली होती. परंतु त्यास पायऱ्या नव्हत्या. तो कातड्याचा सरकता पट्टा होता. अमेरिकेंत जेसी रेनो यानें १८९६ मध्यें कोनी आयलंड येथें चालविलेलें यंत्रही सरकता उतारच होतें. पायऱ्यांचा खरा जिना सीबर्जर व ओटिस यांनीं १९०० च्या पॅरिस प्रदर्शनांत दाखविला. न्यूयॉर्कच्या मेसी दुकानांत १९०२ पासून असे जिने आले. त्यांपैकीं लाकडी पायऱ्यांचे कांहीं एकविसाव्या शतकांतही चालत राहिले.

लिफ्ट जर मोट, तर सरकता जिना म्हणजे रहाटगाडगें. संस्कृत ‘अरघट्ट’ तोच आपला रहाट. मोट एकदां भरते, रिती होते, पुन्हा उतरते. तोंवर थांबावें लागतें. रहाटाच्या माळेंतील गाडगीं मात्र एकामागून एक येतच राहतात. जिन्याच्या पायऱ्याही दोन अखंड साखळ्यांवर बसविलेल्या असतात. वरच्या टोकास त्या फळीखालीं जातात आणि उलट्या होऊन तळाशीं परततात. दुकानदारास याचा लाभ दुहेरी. गर्दी खोळंबत नाहीं. शिवाय लिफ्टमधला माणूस मधला मजला पाहत नाहीं, जिन्यावरच्यास प्रत्येक मजल्यावरील मालासमोरून जावें लागतें.

या क्रमाची साक्ष आपल्या कायद्यांतही आहे. १९३९ च्या मुंबई कायद्याच्या नांवांत केवळ लिफ्ट आहेत. २०१७ च्या महाराष्ट्र अधिनियमाच्या नांवांत उद्वाहनांबरोबर सरकते जिने आणि सरकते मार्ग आले.

आतां कर्तव्याविषयीं दोन शब्द. मुंबईच्या फोर्ट व कुलाबा भागांतील जुन्या इमारतींत जाळीच्या दाराच्या लिफ्ट आहेत. दुरुस्तीच्या वेळीं पिंजरा भंगारांत जातो आणि पितळी पाटी त्याहून आधीं नाहींशी होते. जीर्ण यंत्र माणसांच्या जिवावर चालवावें, असें आम्ही म्हणत नाहीं, तें बदलावेंच. परंतु बदलण्यापूर्वीं त्याची नोंद व्हावी. पाटीवरून कंपनी कळते, बसविल्याचें वर्ष नेहमीं कळत नाहीं. म्हणून भाराची मर्यादा, मोटार मूळची कीं मागून बसविलेली, परवान्याचें वर्ष आणि जुन्या लिफ्टमनची सांगी, हीं चारही टिपून ठेवावींत. मुंबईस जाणाऱ्या सभासदांनीं एवढें केलें, तर ‘पहिली’ हा शब्द वापरण्यापूर्वीं कोणती, कशासाठीं आणि कोणत्या शक्तीची, या तीन प्रश्नांचीं उत्तरें देतां येतील.