जेवणांतील लोह आणि कामांतील लक्ष

मृगाच्या पेरणीपूर्वीं बैलांस सरकी व ढेप अधिक घालावी, हें वऱ्हाडांतील कोणत्याही शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. वखरास जुंपलेला बैल मधेंच थबकूं लागला, तर तो आळशी झाला असें न म्हणतां धनी आधीं त्याच्या गव्हाणींत काय पडतें तें पाहतो. पण मुलगा पुस्तक पुढें घेऊन पेंगूं लागला, कापूस वेचणारी बाई दुपारीं मागें पडूं लागली, अगर घरधनीण हिशेब सांगतां सांगतां विसरूं लागली, म्हणजे आपण स्वभावास दोष देतों. गव्हाणीचा न्याय ताटास लावून पाहावा, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

सन २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ स्त्रियांस रक्तक्षय आढळला. पांच वर्षांखालील बालकांत हेंच प्रमाण शेंकडा ६९ व पुरुषांत शेंकडा २२ निघालें. तत्पूर्वींच्या, २०१५-१६ च्या पाहणींत हे आंकडे अनुक्रमें ४८, ५४ व १८ होते. बोटाच्या थेंबभर रक्तावरून केलेल्या या मोजणीविषयीं तज्ज्ञांत मतभेद आहेत, हें खरें. तथापि त्यांतून बरीच सूट दिली तरी उरतें तें थोडकें नाहीं, आणि तें केवळ भूमिहीनांच्या घरीं आहे असेंही नाहीं. जमीन आहे, धान्य आहे, दूधदुभतें आहे, अशा घरांतही सून पांढुरकी दिसते.

रक्तक्षयाचीं कारणें अनेक, पण सर्वांत मोठें कारण लोहाची उणीव. रक्तांतील लोहाचें काम प्राणवायु वाहून नेण्याचें. मेंदूचें वजन शरीराच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढें, परंतु प्राणवायूचा सुमारें पांचवा हिस्सा तो एकटा घेतो. शिवाय लक्ष व उत्साह ज्या द्रव्यांवर अवलंबून असतात, त्यांपैकीं डोपामिन नांवाचें द्रव्य मेंदूंत तयार होण्यास लोह लागतें. म्हणून चेहरा पांढुरका पडण्याच्या आधीं, तपासणींत हिमोग्लोबिन अद्याप ठीक दिसत असतांनाही, लक्ष विस्कटूं लागणें शक्य असतें.

हें नुसतें अनुमान नव्हे. याचा पडताळा आमच्याच राज्यांत, आणि तोही भाकरीवर, पाहण्यांत आला आहे. इक्रिसॅट ही संस्था व राहुरीचें महात्मा फुले कृषि विद्यापीठ यांनीं मिळून अधिक लोहाचा ‘धनशक्ति’ हा बाजरीचा वाण सिद्ध केला, व २०१२ सालीं तो महाराष्ट्रांत प्रसृत झाला. या बाजरीची परीक्षा १२ ते १६ वर्षें वयाच्या २४६ शाळकरी मुलामुलींवर झाली. कांहींस धनशक्तीची भाकरी, कांहींस साध्या बाजरीची; कोणास कोणती मिळते हें मुलांस ठाऊक नव्हतें आणि तपासणाऱ्यांसही नव्हतें. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें चार महिन्यांतच धनशक्ति खाणाऱ्यांच्या अंगांतील लोहाचा सांठा वाढला. पुढें २०१८ सालीं १४० मुलांच्या लक्षाची व स्मरणाची मोजणी प्रसिद्ध झाली. खूण दिसतांच कळ दाबणें, आधीं पाहिलेलें चित्र ओळखणें, असल्या साध्या परीक्षांत सहा महिन्यांनीं धनशक्ति खाणारीं मुलें साधी बाजरी खाणाऱ्यांपेक्षां स्पष्टपणें पुढें गेलीं. गोळी नाहीं, टॉनिक नाहीं. फरक केवळ भाकरीच्या दाण्याचा होता. लोहानें मंद मुलगा विद्वान होतो असा अर्थ यांतून कोणी काढूं नये. जें लक्ष मुळांत त्याचेंच होतें, तें त्यास परत मिळालें, इतकेंच म्हणतां येईल.

शेणगांवच्या गाडगेबाबांनीं सगळ्या वऱ्हाडास बजावलें कीं, जेवणाचें ताट मोडावें लागलें तरी मोडा, पण मुलास शाळेंत घाला. बाबांनीं ताट मोडावयास सांगितलें. त्यावरील भाकरी निःसत्त्व करावयास सांगितलें नव्हतें. आज मुलगा बहुधा चहा-टोस्टावर शाळेंत जातो, ही आमच्या मतें मोठी चूक आहे.

आतां मजुरीच्या कामाकडे वळूं. इंडोनेशियांत रबराचा चीक गोळा करणाऱ्या मजुरांवर झालेला एक अभ्यास १९७९ सालीं प्रसिद्ध झाला. तेथेंही मोबदला आमच्या कापूसवेचणीसारखा गोळा केलेल्या मालावर असे. रक्तक्षय असलेले मजूर इतरांपेक्षां कमी चीक आणीत. दोन महिने रोज लोह दिल्यावर ते निरोग्यांच्या जवळपास येऊन पोंचले. किलोवर मजुरी घेणाऱ्या बाईचें रक्त पातळ असेल, तर तो तोटा प्रथम तिच्या पदरीं पडतो, आणि वेचणी लांबली म्हणजे मग मालकाच्या.

मग वऱ्हाडाच्या ताटांत उणें काय पडलें? सोयाबीन आलें आणि खरीप ज्वारी मागें हटली, ही तक्रार आम्ही सर्वत्र ऐकतों. ती खरी आहे, पण अर्धी. शंभर ग्रॅम ज्वारींत सुमारें ४ मिलिग्रॅम लोह असतें आणि गव्हांतही तितकेंच. तेव्हां भाकरी जाऊन पोळी आली एवढ्यानें लोह घटलें असें ज्वारीच्या अभिमान्यांनीं म्हणूं नये. घटलें तें पांढऱ्या तांदळानें, ज्यांत तें एक मिलिग्रॅमही भरत नाहीं. आणि भाकरीसोबतचें जें गेलें त्यानें. कळण्याची भाकरी, अंबाडीची भाजी, जवसाची व तिळाची चटणी, मोडाची मटकी हीं ताटांतून कमी झालीं. अंबाडीसारखी आंबट भाजी लोखंडी कढईंत शिजली कीं कढईचें लोह तिच्यांत उतरे. आतां कढई ॲल्युमिनियमची झाली. गंमत अशी कीं, ज्या सोयाबीननें शिवार व्यापलें, त्याचा मूठभर दाणाही बहुतेक घरांत शिजत नाहीं.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा. धान्य व डाळी यांतील लोह फायटेट नांवाच्या द्रव्यानें बांधलेलें असल्यानें त्याचा थोडाच अंश रक्तास मिळतो. भिजविणें, मोड आणणें, आंबविणें यांनीं तें बंधन सैल होतें. ‘क’ जीवनसत्त्वानें त्याहून अधिक. स्वीडनमध्यें १९७९ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत न्याहारीबरोबर संत्र्याचा रस घेतल्यानें लोहाचें शोषण सुमारें अडीचपट वाढलें, आणि चहानें तें निम्म्याहून खालीं गेलें. वरुड-मोर्शीच्या बागाईतदारांनीं हें वाक्य दोनदां वाचावें. आंबिया बहाराचें संत्रें आणि कपाशीची वेचणी हीं एकाच सुमारास येतात. बागेंत गळालेलें, व्यापाऱ्यानें लहान म्हणून बाजूस काढलेलें फळ वेचणाऱ्यांच्या भाकरीसोबत दिलें तर खर्च जवळजवळ नाहींच. उलट आपण देतों काय? भाकर सुटली कीं लगेच चहाची किटली. चहा बंद करा असें सांगून वऱ्हाडांत कोणाचें ऐकलें जाणार नाहीं. पण तो जेवणानंतर तासाभरानें यावा. संत्रें नसेल तेव्हां लिंबूं, पेरू अगर आंवळा चालेल. लिंबूं मात्र भाजी चुलीवरून उतरल्यावर पिळावें.

येथें एक इशारा दिलाच पाहिजे. प्रत्येक रक्तक्षय ताटानें बरा होत नाहीं. अनवाणी चालण्यानें होणारे आंकडीकृमि, मासिक पाळींतील अतिस्राव, शुद्ध शाकाहाऱ्यांत ‘ब-१२’ची उणीव, हीं कारणें निराळीं. मेळघाटांत व विदर्भांतील अनेक समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक विकार आहे. तेथें डॉक्टरांस न विचारतां लोहाच्या गोळ्या घेऊं नयेत. प्राथमिक आरोग्य केंद्रांत रक्त तपासून घेण्यास लाजण्याचें कारण नाहीं.

पेरणीविषयीं थोडें. २०१८ सालीं परभणीच्या कृषि विद्यापीठानें इक्रिसॅटच्या साह्यानें ‘परभणी शक्ति’ हा ज्वारीचा वाण दिला. साध्या ज्वारींत दशलक्ष भागांत सुमारें ३० भाग लोह असतें, यांत ४५. आपल्या जमिनीस व हंगामास तो मानवेल कीं नाहीं, हें अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठांत विचारून घ्यावें. माणशी रोज पाव किलो धरल्यास पांच माणसांच्या घरास वर्षाला साडेचार क्विंटल ज्वारी लागते. साधारण एक एकर पुरतो, आणि कडबा वेगळा. यावर उत्तर ठरलेलें मिळतें: एकट्याच्या ज्वारीवर सगळ्या शिवारांतील पांखरें पडतात आणि रात्रीं रानडुकरें. ही अडचण खरी आहे. म्हणून एकट्यानें न पेरतां लागून असलेल्या चार-पांच शेतकऱ्यांनीं धुऱ्याला धुरा लावून एकेक एकर एकाच आठवड्यांत पेरावा. दाणा एकदम भरतो, पांखरांचें नुकसान वांटलें जातें, आणि राखण पाळीपाळीनें करतां येते.