यूट्यूबवर फुकट नाटक पाहिलं, तर कलाकाराला काय मिळतं?

मंडळी, हा अनुभव तुम्हालाही आला असेल. रविवारी दुपारी फॅमिली ग्रुपवर एक लिंक येते. सोबत दोन शब्द: "जरूर बघा." उघडून पाहिलं तर गाजत असलेल्या नाटकाचा अख्खा दुसरा अंक. मोबाईल हलतोय, मध्येच पुढच्या रांगेतल्या काकांचं डोकं येतंय, शेजारी कोणीतरी वेफर्स खातंय. तरी आपण हसत हसत पाहतो, पुढे पाठवतो आणि म्हणतो, "आता तिकीट काढायची गरज नाही!"

आणि त्याच नाटकाचा पुढचा प्रयोग आपल्या शहरात लागतो, तेव्हा अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असतात.

मग नाटक, नाच, गाणं ऑनलाइन येणं वाईट आहे का? अजिबात नाही. पण 'ऑनलाइन' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. त्यातल्या दोन कलाकाराला जगवतात, तिसरी त्याच्या ताटातलं काढून घेते. कोणती कुठली, ते आज समजून घेऊ.

रंगभूमीवर पैसे 'नाईट'चे मिळतात

नोकरदाराला महिन्याचा पगार असतो. रंगभूमीवर बहुतेकांना पैसे प्रयोगाचे मिळतात. नाटकवाले त्याला 'नाईट' म्हणतात. प्रयोग झाला तर नाईट मिळाली, रद्द झाला तर नाही.

आपल्याला रंगमंचावर पाच-सहा जण दिसतात. पण पडद्यामागे नेपथ्य उभं करणारे, दिवे सांभाळणारे, संगीत वाजवणारे, रंगभूषा आणि कपडेपट पाहणारे असतात. बाहेर तिकीट खिडकीवर बसणारा असतो आणि सेट वाहून नेणाऱ्या गाडीचा ड्रायव्हरही. शिवाय लेखकाचं दर प्रयोगाचं मानधन, नाट्यगृहाचं भाडं आणि वर्तमानपत्रातली जाहिरात. हा सगळा खर्च त्या एका संध्याकाळच्या तिकीटविक्रीतून निघावा लागतो.

आता साधं गणित करू. समजा एका संचात 25 माणसं आहेत आणि नाटकाचे 100 प्रयोग झाले. म्हणजे 25 घरांत 100 वेळा पैसे गेले. तेच नाटक एकदा चित्रित करून फुकट टाकलं, तर चित्रीकरणाच्या दिवसाचे पैसे एकदाच मिळतात. नंतर ते दहा लाख लोकांनी पाहिलं तरी सेट लावणाऱ्याची नाईट वाढत नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच उभं आहे.

गावोगावची गणितं आणखी वेगळी

नाटक म्हटलं की आपल्याला पुण्याचं बालगंधर्व किंवा दादरचं शिवाजी मंदिर आठवतं. पण महाराष्ट्रात रंगभूमी एकच नाही.

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात झाडीपट्टी रंगभूमी आहे. धान कापून झालं, दिवाळी सरली की तिचा हंगाम सुरू होतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे तिचं मुख्य केंद्र. तिथे नाट्यमंडळांची कार्यालयं आहेत आणि गावोगावचे लोक येऊन नाटक ठरवतात. प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. नाटकाच्या निमित्ताने घरोघरी पाहुणे येतात, सोयरिकीच्या गोष्टीही तिथेच निघतात. या रंगभूमीवरचे ज्येष्ठ कलाकार परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा शहरातल्या अनेकांनी झाडीपट्टीचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या पेडणे भागात दशावतार आहे. तो जत्रांबरोबर चालतो. त्यात लिहून काढलेले संवाद नसतात. कथानक ठरलेलं असतं, पण कोण काय बोलणार ते रंगमंचावर उभं राहिल्यावर सुचतं. त्यामुळे कालचा प्रयोग आणि आजचा प्रयोग कधीच सारखा नसतो.

आणि तमाशा. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. यात्रेसाठी गावकारभारी तिथे येऊन फड पसंत करतात आणि सुपारी देतात, म्हणजे कार्यक्रम पक्का करतात. गुढीपाडव्याच्या आसपास ही गर्दी सगळ्यात जास्त असते, कारण चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा असतात. वर्षाची बरीचशी कमाई या दोन महिन्यांत होते.

मग आला 25 मार्च 2020

त्या दिवशी गुढीपाडवा होता. देशभरातल्या लॉकडाऊनचा पहिला दिवसही तोच. तमाशाचा हंगाम सुरू व्हायचा तेव्हाच सगळं ठप्प झालं. यात्रा रद्द झाल्या, नाट्यगृहांना कुलूप लागलं, सेट गोदामात पडून राहिले.

महाराष्ट्रात नाट्यगृहं 50 टक्के क्षमतेने उघडायला परवानगी मिळाली ती 5 नोव्हेंबर 2020 पासून. योगायोग असा, की 5 नोव्हेंबर हाच मराठी रंगभूमी दिन. 1843 मध्ये याच दिवशी सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर'चा प्रयोग केला होता. 2021 च्या दुसऱ्या लाटेत पुन्हा पडदा पडला आणि 22 ऑक्टोबर 2021 ला नाट्यगृहं परत उघडली.

मधल्या काळात कलाकार गप्प बसले नाहीत. घराघरांतून अभिवाचनं झाली, फेसबुक लाईव्हवर मैफली रंगल्या, कथक आणि भरतनाट्यमचे वर्ग व्हिडिओ कॉलवर गेले. हृषीकेश जोशी यांनी 'नेटक' नावाने 'मोगरा' हे नाटक थेट इंटरनेटवर सादर केलं. त्यातले कलाकार आपापल्या घरून काम करत होते. अमेरिका, आखाती देश, ऑस्ट्रेलियातल्या मराठी माणसाला विमानाचं तिकीट न काढता मराठी प्रयोग पाहता येतो, हे तेव्हा पक्कं झालं.

थोडक्यात, ऑनलाइनने तेव्हा धीर दिला. पण सवयही लावली, फुकट पाहायची.

'ऑनलाइन' म्हणजे नक्की काय?

1. तिकीट काढून थेट प्रक्षेपण. प्रयोग चालू आहे आणि तुम्ही पैसे भरून घरून पाहता. इथे खुर्ची तुमच्या घरात असते, एवढंच. पैसे निर्मात्याकडे आणि तिथून संचाकडे जातात.

2. अधिकृत चित्रीकरण. तीन-चार कॅमेरे, नीट आवाज, नीट संकलन. ते एखाद्या ओटीटीवर किंवा निर्मात्याच्या स्वतःच्या चॅनेलवर येतं. बऱ्याचदा प्रयोग थांबल्यावर हे केलं जातं, म्हणजे जुनं नाटक पुढच्या पिढीला पाहता येतं. इथे कलाकारांशी करार झालेला असतो.

3. चोरून केलेलं चित्रीकरण. मोबाईलवर घेतलेलं किंवा अधिकृत व्हिडिओ उतरवून दुसऱ्याच चॅनेलवर टाकलेलं. यातून संचाला काहीच मिळत नाही.

पहिल्या दोन प्रकारांना नावं ठेवायचं कारण नाही. प्रश्न तिसऱ्याचा आहे.

पण व्ह्यूज तर मिळतात ना?

"अहो, फुकटात प्रसिद्धी होते की!" असं हमखास ऐकू येतं. तर व्ह्यूजचे पैसे कसे होतात ते पाहू.

यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे मिळवण्यासाठी चॅनेलला किमान 1,000 सबस्क्रायबर्स लागतात. शिवाय गेल्या 12 महिन्यांत 4,000 तास पाहिलं गेलेलं असावं लागतं, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सना 1 कोटी व्ह्यूज. हे जमलं की मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातला 55 टक्के वाटा चॅनेलवाल्याला मिळतो, 45 टक्के यूट्यूब ठेवतं.

इथे शब्द नीट वाचा: चॅनेलवाल्याला. कलाकाराला नाही. व्हिडिओ ज्याने टाकला त्याच्या खात्यात पैसे जातात. लावणी करणारीने घाम गाळला, ढोलकीवाल्याने बोटं झिजवली आणि कमाई तिसऱ्याच माणसाची. लहान फडाकडे किंवा दशावतारी मंडळाकडे असे व्हिडिओ शोधून तक्रारी करायला माणूसच नसतो.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे 1957 चा कॉपीराइट कायदा आहे. त्यात लेखक आणि संगीतकाराबरोबर प्रयोग सादर करणाऱ्यालाही स्वतंत्र हक्क दिलेला आहे. हा सादर करणारा कोण? नट, गायक, वादक, नर्तक तर आहेतच. पण कायद्याने कसरतपटू, जादूगार, इतकंच काय, गारुडीही यादीत घेतला आहे!

हा हक्क प्रयोगानंतर 50 वर्षं टिकतो. आणि संहिता लिहिलेली नसली तरी तो मिळतो. म्हणजे दशावतारात आयत्या वेळी सुचलेल्या संवादालाही संरक्षण आहे. कारण हा हक्क कागदावरच्या शब्दांचा नाही, सादरीकरणाचा आहे.

2012 च्या दुरुस्तीने यात दोन महत्त्वाच्या गोष्टी आल्या. चित्रीकरणाला लेखी संमती दिल्यावरही, व्यावसायिक वापर झाला तर कलाकाराला मोबदल्याचा वाटा मिळायला हवा. आणि प्रतिष्ठेला धक्का लागेल अशी मोडतोड करून सादरीकरण वापरलं, तर कलाकार त्याविरुद्ध दाद मागू शकतो. लावणीच्या व्हिडिओतले दोन सेकंद कापून, त्याला भलताच मथळा लावून फिरवणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

हक्कभंगासाठी सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे.

"मग मी फक्त स्वतःसाठी शूट केलं तर?" फक्त खासगी वापरासाठीच्या चित्रीकरणाला कलाकाराच्या हक्कापुरती कायद्यात सूट आहे. पण ते अपलोड केलं की गोष्ट खासगी राहत नाही. शिवाय नाट्यगृहात चित्रीकरण करू नका, असं सांगितलेलं असतं आणि तिकीट काढून आत आल्यावर तो नियम पाळायला हवा. कायदा बाजूला ठेवला तरी अंधारात पेटलेला मोबाईल नटाला थेट दिसतो. 2019 मध्ये प्रेक्षकांत सतत मोबाईल वाजत राहिल्यामुळे सुमीत राघवन यांनी नाशिकमध्ये नाटकाचा प्रयोग थांबवला होता, त्याची बरीच चर्चा झाली होती.

ऑनलाइन आलं की लोक नाट्यगृहात येणं सोडतात का?

ही भीती जगभर होती. लंडनच्या नॅशनल थिएटरने 2009 मध्ये 'फेद्र' या नाटकाचा प्रयोग उपग्रहावरून चित्रपटगृहांत दाखवला आणि 'नॅशनल थिएटर लाइव्ह' हा उपक्रम सुरू झाला. मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्येही ही नाटकं तिकीट लावून दाखवली जातात.

याचा फटका खऱ्या नाट्यगृहांना बसतो का, याचा अभ्यास ब्रिटनमधल्या नेस्टा या संस्थेने 2014 मध्ये मांडला. पडद्यावर नाटक पाहायला मिळाल्यामुळे प्रेक्षक घटल्याचं त्यात दिसलं नाही. उलट लंडनमध्ये ज्या भागांत हे पाहायची सोय जास्त होती, तिथल्या लोकांचं नाटकाला जाणं वाढल्याचं आढळलं.

पण हे अधिकृत, उत्तम चित्रित केलेलं आणि तिकीट लावलेलं नाटक होतं. हलत्या मोबाईलवरच्या चोरलेल्या अंकाला हा दाखला लागू होत नाही. तिथे आवाज नीट नाही, प्रकाशयोजना दिसत नाही. आणि पाहणाऱ्याला वाटतं, "एवढंच होतं होय? बरं झालं तिकीट काढलं नाही."

मग आपण काय करायचं?

फार मोठं काही नाही.

- लिंक आली की आधी चॅनेलचं नाव बघा. निर्मात्याचं, संस्थेचं किंवा कलाकाराचं असेल तर बिनधास्त पाहा, सबस्क्राइब करा. दुसऱ्याच कोणाचं असेल तर निदान पुढे पाठवू नका.
- नाटक आवडलं तर व्हिडिओऐवजी पुढच्या प्रयोगाची तारीख, वेळ आणि नाट्यगृहाचं नाव शेअर करा. त्या पोस्टमुळे चार तिकिटं खपली तर त्याचा फायदा थेट संचाला होतो.
- गावाकडच्या जत्रेत दशावतार किंवा तमाशाचं छायाचित्र काढलंत, तर मंडळाचं नाव लिहा. "आमच्या गावचा कार्यक्रम" एवढंच लिहिलं तर पुढची सुपारी द्यायची कोणाला, हे कळणार कसं?
- स्त्री कलाकारांचे व्हिडिओ त्यांच्या संमतीशिवाय घेऊ नका, आणि रंगपटात कॅमेरा नेणं तर नकोच.
- आणि जमेल तेव्हा तिकीट काढा. 500 रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटीही लागत नाही.

परदेशात असाल, वय झालं असेल, गावात नाट्यगृह नसेल, तर ऑनलाइन हाच रस्ता आहे आणि तो चांगला आहे. फक्त पैसे भरून पाहायचं दार शोधा. ते नसेल तर निर्मात्याला विचारा. मागणी दिसली तर दारही उघडेल.

तिसरी घंटा होते, दिवे मंद होतात आणि पडदा सरकतो. त्या क्षणी आतबाहेर मिळून वीस-पंचवीस माणसांची त्या दिवसाची कमाई सुरू होते. आपण खुर्चीत असलो तर ती पुढच्या आठवड्यातही सुरू राहते.

तर मंडळी, तुम्ही शेवटचा प्रयोग नाट्यगृहात बसून कधी पाहिलात? आठवायला वेळ लागत असेल, तर या शनिवार-रविवारचं वेळापत्रक बघाच.