कार्लो ऐरोल्डी : अथेन्सपर्यंत चालत गेलेला धावपटू

मागच्या व्याख्यानात आपण १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकबद्दल बोललो. १० एप्रिलला मॅरेथॉन झाली आणि स्पिरिडॉन लुईस या ग्रीक माणसानं ती जिंकली, हे बहुतेकांना ठाऊक असतं. आज आपण त्या शर्यतीत जो धावलाच नाही, त्याच्याकडे बघणार आहोत.

कार्लो ऐरोल्डीचा जन्म १८६९ चा, इटलीत मिलानजवळच्या ओरिज्जो गावातला. घर शेतकऱ्याचं. पुढे कारखान्यात मजुरी. अंगात ताकद भरपूर, म्हणून लांब पल्ल्याच्या शर्यती पळू लागला. त्या काळी अशा शर्यतींना रोख बक्षिसं असत, आणि मजुराच्या घरी तो पैसा लागायचाच. १८९५ मध्ये मिलान ते बार्सिलोना अशी सुमारे हजार किलोमीटरची, बारा टप्प्यांची शर्यत झाली. ती त्यानं जिंकली. शेवटाजवळ त्याचा फ्रेंच प्रतिस्पर्धी कोसळला, तेव्हा ऐरोल्डीनं त्याला खांद्यावर घेऊन रेषा ओलांडली, असं सांगतात. बक्षीस दोन हजार पेसेता. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तोच आडवा येणार आहे.

अथेन्सला जायचं तर भाडं कुठून आणायचं? मग गडी चालतच निघाला! मिलानच्या एका सायकल-नियतकालिकानं वाटखर्चाला हात दिला. बदल्यात प्रवासाच्या बातम्या छापायच्या. ट्रिएस्ट, फ्यूमे करत तो किनाऱ्यानं डुब्रोव्हनिकला पोचला. पुढचा अल्बानियातला रस्ता धोक्याचा, म्हणून तेवढं बोटीनं. पात्रास बंदरात उतरून पुन्हा पायी, बराचसा रेल्वेच्या रुळांच्या कडेनं, थेट अथेन्स. सगळा मिळून महिनाभराचा प्रवास.

तिथं आयोजकांनी त्याला बार्सिलोनाच्या बक्षिसाबद्दल विचारलं. पैसे घेतले होते, म्हणजे तो व्यावसायिक ठरला. प्रवेश नाकारला.

आता हा नियम आला कुठून, ते बघायला हवं. 'हौशी खेळाडू' ही कल्पना इंग्लंडातल्या सुखवस्तू वर्गाची. तिथल्या काही क्लबांच्या जुन्या नियमांत तर हातकाम करणारा कारागीर किंवा मजूर हौशी मानलाच जात नसे, मग त्यानं बक्षीस घेतलेलं असो वा नसो. ॲथलेटिक्समधून ही अट १८८० च्या सुमारास गेली. पैशाची तेवढी राहिली. पण घरचं उत्पन्न असलेल्यालाच फुकट पळणं परवडतं, हे उघड आहे. आम्हाला तरी यात पावित्र्यापेक्षा सोय जास्त दिसते. ऑलिंपिकच्या नियमांतून 'हौशी' हा शब्द निघायला १९७० चं दशक उजाडावं लागलं.

ऐरोल्डी गप्प बसला नाही. त्यानं लुईसला जाहीर आव्हान दिलं : माझ्याबरोबर एकदा पळून दाखव. लुईसकडून उत्तर आलं नाही. ऐरोल्डी पुढेही पैशाच्या शर्यती पळत राहिला आणि १९२९ मध्ये मिलानला वारला.