बिब्बा उततो तेव्हा : शोथ आणि पेशींचे रासायनिक संदेश

धाराशिव जिल्ह्यातील उमरगा व लगतच्या सीमाभागात बिब्बा घरोघरी परिचित आहे. पायात काटा मोडला की बिब्ब्याचा चटका देण्याची रीत जुनीच. औषधनिर्मात्यांचेही भल्लातकावाचून चालत नाही. परंतु ‘बिब्बा उतला’ म्हणून येणारा रुग्णही आपणा सर्व वैद्यबंधूंच्या ओळखीचा आहे. एकजण वर्षानुवर्षे बिब्बे हाताळतो, त्यास काही होत नाही. दुसऱ्यास ओझरत्या स्पर्शानेही दोन दिवसांनी सूज, कंडू व फोड येतात. असे का व्हावे?

कच्चे तेल त्वचेस थेट जाळते, हा एक प्रकार. दुसरा प्रकार अधिक गुंतागुंतीचा आहे. तेलातील भिलावानॉल ही द्रव्ये त्वचेत शिरून तेथील प्रथिनांना चिकटतात. बदललेले हे प्रथिन त्वचेतील लँगरहॅन्स पेशी लसीकाग्रंथीपर्यंत नेतात. तेथे टी पेशींना त्याची ओळख पटते व ती दीर्घकाळ टिकते. यास साधारणतः दहा ते चौदा दिवस लागतात. पुढे पुन्हा स्पर्श झाला, की या टी पेशी त्या जागी जमून इंटरफेरॉन गॅमासारखे संदेश सोडतात. त्वचेच्या पेशीही इंटरल्यूकिन व टीएनएफ सोडून त्यांना साथ देतात. रक्तवाहिन्या रुंदावतात व पाझरतात. पेशींमध्ये द्रव साचून फोड उठतात. म्हणजे येथील दाह मुख्यतः शरीराच्या स्वतःच्या संदेशांनी घडतो.

संदेशांचा वेग निरनिराळा असतो, हे चिकित्सेत महत्त्वाचे. मास्ट पेशींत हिस्टामिन तयार साठवलेले असते. ते काही मिनिटांत सुटते आणि गांधी उठतात. प्रोस्टाग्लँडिन पेशीपटलातील स्निग्धांशापासून त्याच वेळी तयार होते व वेदना वाढविते. सायटोकाइन मात्र प्रथिने असल्याने बहुतांशी नव्याने घडवावी लागतात. त्यांना तास लागतात. बिब्ब्याचा शोथ एक-दोन दिवसांनी का दिसतो आणि केवळ हिस्टामिनविरोधी गोळीने तो का आटोपत नाही, याचा उलगडा येथे होतो. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात व्रणशोथाच्या आम, पच्यमान व पक्व अवस्था वर्णिल्या. शोथास काळाचा क्रम असतो, हे आपणास नवे नाही.

यावरून व्यवहारातील काही गोष्टी ठरतात. वर्षानुवर्षे त्रास झाला नाही, म्हणून पुढेही होणार नाही असे मानू नये. टी पेशींची ओळख केव्हाही घडू शकते. आंब्याचा चीक किंवा काजूच्या टरफलाचे तेल उतण्याचा पूर्वेतिहास अवश्य विचारावा. ही झाडे बिब्ब्याच्याच कुळातील आहेत. फोडातील पाण्याने विकार पसरत नाही. नखांत, कपड्यांत राहिलेल्या तेलाने पसरतो. म्हणून स्पर्श होताच साबणाने धुणे हा पहिला उपाय.

औषधालयांत शोधनकर्म करणारा कामगार सर्वाधिक धोक्यात असतो. विटकरीच्या चूर्णात तेल शोषले जाते. ते चूर्णही बिब्ब्याइतकेच जपून हाताळावे, जाळू नये. भल्लातकाचा समावेश औषधे नियम, १९४५ यांच्या ई (१) अनुसूचीत आहे. पोटात घ्यावयाच्या अशा कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे बंधनकारक आहे. चेहरा वा डोळे सुजल्यास, अथवा लघवी कमी झाल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

भल्लातकाचे रसायनगुण आम्हांस मान्यच आहेत. ते रुग्णास लाभावेत, यासाठीच ही सावधगिरी.